अंगठा जुळला नाही

१२ नोव्हेंबर २०१८, सोमवार. लातूर

पोचलो बुवा! सकाळी साडेसहाला नांदेड सोडलं आणि साडेदहाला लातूरच्या स्टँडवर पाय टेकले. खिडकीची जागा मिळाली, तीही उजव्या बाजूची, सावलीची. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूरला ड्रायव्हरनं चहापाण्यासाठी गाडी थांबवली. यंदा पावसानं तोंड फिरवलं, तूर कमरेएवढीसुद्धा झाली नाही. पण फुलायची ती फुललीच आहे. ती पिवळी फुलं बघता बघता चौथीच्या पुस्तकातली उन्हाची कविता ओठावर आली. पहिल्या दोन ओळी आल्या, पुढच्या काही केल्या येईनात. सदुसष्टाव्या वर्षी असं चालायचंच.

सर्वेश स्वतः घ्यायला आला होता. माझ्या कचेरीतले सोबती कै. अमृतराव, त्यांचा हा मुलगा. इथं त्याचा मेडिकल प्रवेशाचा क्लास आहे, दीड हजार मुलं शिकतात. भर रस्त्यात वाकून पाया पडला आणि म्हणाला, काका, बाबा असते तर म्हणाले असते, रेणुकादासला बोलव, तुझ्या त्या नव्या पोरांना जुन्यातलं काही कळत न्हाई.

जुन्यातलं मला कळतं, हे खरं. नांदेडला टायपिस्ट म्हणून लागलो आणि संगणक विभागातून निवृत्त झालो. त्यालाही नऊ वर्षं झाली. घरात एकट्यानं भिंतींशी बोलून बोलून शीण आला होता. म्हटलं, महिन्याभराचं काम आहे, जेवणखाण आहे, पोराबाळांचा कलकलाट कानावर पडेल.

वसतिगृहाच्या तळमजल्यावर खोली दिली आहे. शेजारच्या खोलीत सर्व्हर. खिडकीतून क्लासचं मुख्य दार दिसतं आणि दाराच्या चौकटीला लावलेलं अंगठ्याचं मशीन. सकाळी सहा चाळीसला मुलांची रांग लागते, सर्वेश सांगत होता. पाठीवर दप्तरं, डोळ्यांत झोप. एकेक अंगठा टेकतो, हिरवा दिवा लागतो, लेकरू आत जातं. आमच्या शाळेत गुरुजी नाव पुकारायचे, आम्ही ओरडून हजर म्हणायचो. इथं सगळं मुकाट्यानं. पण सर्वेशनं अंगठा टेकून दाखवला, दिवा छान आहे, कोवळ्या पानासारखा हिरवा.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

आज काम समजून घेतलं. इथं जिला लायब्ररी म्हणतात तिच्यात पुस्तकं नसतात, याचं मला अजूनही थोडं वाईट वाटतं. प्रोग्रामला वरचेवर लागणारी कामं एकदाच लिहून त्यांचं गाठोडं बांधून ठेवतात, तीच लायब्ररी. इथल्या लायब्ररीचं काम म्हणजे माणूस ओळखणं. मशीनवर अंगठा आला की तो कुणाचा हे ती सांगते. तिनं सांगितलं की हजेरी लागते, मेसमध्ये ताट मिळतं, चाचणीला बसायला जागा मिळते आणि घरी निरोप जातो की तुमचं लेकरू पोचलं.

सुधारलेली आवृत्ती आली की नवं गाठोडं येतं. जुनं मात्र कुणी टाकत नाही. काढलं तर कुठं काय मोडेल याचा नेम नसतो. अशा नऊ आवृत्त्या एकावर एक साचल्या आहेत. सर्व्हर पोटभर भरला आहे आणि दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकतो. नववी तेवढी ठेवायची, बाकीच्या आठ काढायच्या.

दुपारी मोहियोद्दीनभाई भेटायला आले. माझ्याआधी हे सगळं तेच बघत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून गेल्या वर्षी काम सोडलं. आता गंजगोलाईच्या बाजारात जावयाच्या दुकानात बसतात. मी कविता म्हणतो असं सर्वेशकडून ऐकलेलं, म्हणून मला मास्तर म्हणू लागले. त्यांनी आपली रीत सांगितली. मास्तर, एकदम उडवायचं न्हाई. एक आवृत्ती उचलायची, बाजूच्या फोल्डरात सरकवायची, अन् आठ रोज गप बसायचं. ज्याचं अडलं तो वरडंल. वरडला की गुमान जागेवर ठेवायची. आठ रोजांत कुणीच वरडलं न्हाई, तर मग खुशाल पुसा. पण आठ म्हंजे आठ, सातावर हिसाब न्हाई.

त्यांचं रजिस्टरही दिलं. कुठल्या आवृत्तीवर कोण अवलंबून आहे, ते निळ्या शाईत, देखण्या अक्षरात.

१४ नोव्हेंबर, बुधवार

पहिली आणि दुसरी आवृत्ती बाजूला सरकवली. कुठून हूं की चूं नाही.

आज बालदिन, पण इथं कुणाला त्याचा पत्ता नाही. मेसमध्ये गुरम्मा वाढत होती. ही निलंग्याकडची, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. मी अर्धीच भाकरी मागितली तर म्हणाली, अय्यो काका, एवढ्याशावर तर आमचं मांजर बी जगत न्हाई. पोरं हसली.

जेवता जेवता मी आपला पुटपुटत होतो,

उन्हा उन्हा, जरा थांब,
माझी सावली राहिली लांब

आणि समोरच्या बाकावरून, पुस्तकातून मान वर न काढता, एका मुलीनं पुढचं म्हटलं,

तिला येऊ दे, मग जाऊ
वाटेत दोघं गाणं गाऊ.

मी हातातला घास ताटात ठेवला. साठ वर्षांची हरवलेली ओळ, आणि ती अशी ताटापलीकडून मिळावी! तिच्या शाळेच्या कपाटात जुनी पुस्तकं होती म्हणे, त्यात वाचलेली. नाव मनतशा. नायगावची. वडील कलीम, स्टँडसमोर शिवणकाम करतात. आठवीपासून इथंच शिकते आहे. प्रवेश परीक्षा दोनदा दिली, मागच्या खेपेला चार गुणांनी राहिली. ही तिसरी आणि शेवटची खेप, अब्बांनी तसं सांगितलंय, असं म्हणाली. आई अख्तरी तीन वर्षांपूर्वी वारली. उजव्या अंगठ्यावर तिरपा व्रण आहे, लहानपणी वडिलांच्या कात्रीनं कापलेलं.

इथं मुलांना मोबाइल ठेवू देत नाहीत. माझ्या फोनवरून तिनं घरी दोन मिनिटं बोलून घेतलं. हाव अब्बा, जेवले. हाव, झोपते टायमावर. इथं एक आजोबा आलेत, लई गोड कविता म्हणून राहिलेत.

आजोबा! बऱ्याच दिवसांनी कुणी म्हटलं.

१७ नोव्हेंबर, शनिवार

पाचवी आवृत्ती सरकवली आणि दहाव्या मिनिटाला आरोळी आली. ऑफिसातल्या कारकुनाच्या यंत्रातून ओळखपत्रं छापायची बंद झाली होती. तो जिन्यावरून ओरडत आला, कुणी शाना हात लावून राहिला बे मशीनला! मला बघून जीभ चावली. मी पाचवी परत ठेवली. त्याचं काम नवव्या आवृत्तीवर लावून देतो आणि मग बघू. मोहियोद्दीनभाईंची रीत पक्की आहे.

काम अवघड नाही, पण थकवतं. एकेका फायलीची नावं वाचायची, तारखा जुळवायच्या. डोळ्यांतून पाणी येतं. रात्री पोटऱ्या दुखतात. रविवार झोपून काढणार आहे.

२० नोव्हेंबर, मंगळवार

आज तिसरी आवृत्ती काढली. रजिस्टरात तिच्यापुढे एकच नाव आहे. २०१२ साली जुन्या मशीनवर घेतलेले सगळे अंगठे पंधरा साली नव्या मशीनवर पुन्हा घेतले, पण त्या आठवड्यात ही एक मुलगी घरी गेली होती, आई गेल्यामुळे. मग तिचा राहूनच गेला. दीड हजार मुलांत तिसरी आवृत्ती फक्त तिच्यासाठी जागी असते. मोहियोद्दीनभाईंनी खाली लिहिलं आहे: एक लेकरू आहे यावर. आधी त्याची सोय, मग हात.

ते लेकरू म्हणजे मनतशा.

सोपं आहे. तिचा अंगठा नव्या मशीनवर घ्यायचा, पाच मिनिटांचं काम. दुपारी तिला निरोप दिला, उद्या ये. तोवर तिसरी बाजूला सरकवून ठेवली. एक दिवसानं काय होतं!

२१ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सव्वासातला ती दाराशी आली. आजोबा, अंगठा घेईना. लाल दिवा लागून राहिला. कविता म्हणताना आवाज जसा असतो तसाच होता, हळू. मी अंथरुणातच होतो. कंबर धरली होती, उठवेना. म्हटलं, बाळ, हात पुसून बघ, नाहीतर उद्या करू. ती बरं म्हणाली. थोडा वेळ उभी राहिली असावी, दाराखालच्या फटीत सावली होती. मग गेली.

दिवसभर उठवलं नाही. उद्या नक्की.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

सर्वेश सकाळी आला, चेहरा उतरलेला. रविवारच्या सराव परीक्षेचे पेपर सर्व्हरवर चढेनात, जागाच नाही. काका, बाजूला काढून ठेवलंय ना सगळं, मग पुसून टाका की. मी आठ दिवसांचं सांगितलं. तो हसला. काका, मोहियोद्दीनचाचाचे आठ दिवस म्हंजे आमच्या लग्नातले पाच मिनिटं, संपतच न्हाईत.

मला खाली बसायचं होतं, एवढंच आठवतं. मान दुखत होती. त्याला घालवायचं होतं आणि आडवं व्हायचं होतं. मनाशी म्हटलं, तिचा अंगठा काय, तिसरी पुसल्यावरही घेता येईल. मशीन तिथंच आहे, मुलगी तिथंच आहे.

पहिली, दुसरी, तिसरी पुसली. रजिस्टरात लिहिलं: कोणी ओरडले नाही. खाली सही.

खरं तर ती ओरडली नव्हतीच. तिनं सांगितलं होतं.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी चार तास झोप लागली. बरं वाटलं. मग मनतशाला बोलवायला वरच्या मजल्यावर निरोप धाडला. निरोप परत आला की अशी कुणी नाही.

नायगावला गेली असेल. हजेरी लागेना, मेसमध्ये ताट मिळेना, मग काय करेल बिचारी. चूक माझी. सोमवारी आली की सगळ्यात आधी तिचं काम.

२४ नोव्हेंबर, शनिवार

गुरम्माला विचारलं, ती बारीकशी मुलगी, समोरच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायची, बुधवारी जेवायला आली होती का. गुरम्मा म्हणाली, कंची? त्या बाकावर कुणीच बसत न्हाई काका, त्याचा पाय मोडलाय. बाक बघितला. पाय खरंच मोडला आहे, वर धूळ. दहा दिवसांपूर्वी मी त्या बाकासमोर बसून जेवलो, ते माझं मला ठाऊक.

तिच्या खोलीतल्या मुलींना विचारलं. म्हणाल्या, ती कॉट पहिल्यापासून रिकामीच आहे सर, आम्ही कपडे टाकतो तिच्यावर. खोटं बोलत नव्हत्या. लेकरं खोटं बोलली की कळतं.

हजेरीची यादी काढली. क्रमांकांत कुठं खंड नाही. तिच्या आधीचा मुलगा आणि नंतरची मुलगी एकाला एक लागून आहेत, मधे कधी कुणी नव्हतंच जणू.

मला त्र्याण्णव साल आठवतंय. आठवायचं नव्हतं. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी आम्हा कारकुनांना गावं वाटून दिली होती. मतदारांची यादी हातात. दगडामातीच्या एकेका ढिगापुढं उभं राहायचं, त्या घरातली नावं मोठ्यानं वाचायची. जो असेल तो म्हणायचा, हाय. मग नावापुढं खूण. उत्तर आलं नाही तर फुली. तीन दिवस डोळ्याला डोळा नव्हता, अंगावर ओला सदरा. एका घरापुढं एका बाईचं नाव वाचलं. लांब जेसीबी घुरघुरत होता. मला वाटलं, ढिगाखालून काहीतरी आलं. खूप हळू. थांबायला हवं होतं. जेसीबी बंद करायला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, भास असेल. फुली मारली. पुढच्या ढिगाकडं गेलो, कारण तिथं बसायला एक ओटा शिल्लक होता.

त्या बाईचं नाव मला आठवत नाही. पंचवीस वर्षं आठवून बघतोय.

२५ नोव्हेंबर, रविवार

धीर करून फोन केला. नंबर माझ्याकडं होता, बालदिनाच्या दिवशीचा. कलीमभाईंनीच उचलला. मागं शिलाई मशीनचा आवाज. मी विचारलं, मनतशा पोचली का घरी?

ते म्हणाले, कोण, साहब? राँग नंबर असेल. मी म्हटलं, तुमची मुलगी. ते म्हणाले, मला दोन पोरंच हायेत. मुलगी अल्लानं दिली न्हाई.

मग फोन ठेवेनात. मशीन थांबलं. म्हणाले, साहब, एक विचारू, हसू नका. तीन रोजांपासून घरात एक बाजू रिकामी रिकामी लागून राहिली. जेवताना मी ताट एक जास्ती काढतो. काल निजताना दाराला कडी लावेना, वाटलं कुणी यायचं राहिलंय. तुम्ही आत्ता काय नाव घेतलं?

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते म्हणून बघितलं, पहिल्याच अक्षराशी अडले. मग म्हणाले, ऐकू आलं, पण राहत न्हाई, साहब. राहत न्हाई.

मोठा माणूस रडत होता आणि कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं.

२६ नोव्हेंबर, सोमवार

सर्व्हर स्वतःची एक नोंदवही ठेवतो. कुठला अंगठा केव्हा आला, जुळला की नाही. आज ती उघडली.

२१ तारीख, ६.४०: अंगठा आला, जुळला नाही. २२ तारीख, ६.४०: अंगठा आला, जुळला नाही. इथवर ठीक.

२३ ला, ती नव्हती त्या दिवशी, ६.४०: अंगठा आला, जुळला नाही. ६.४१, तेच. ६.४२, तेच. दिवसभर, मिनिटा-मिनिटाला. शनिवारी तसंच. रविवारी क्लासला कुलूप, तरी तसंच.

खिडकीशी उभा राहिलो. सकाळचे अकरा, दारात ऊन, चिटपाखरू नाही. मशीनचा लाल दिवा लागला. पुन्हा प्रयत्न करा, मशीनमधली बाई म्हणाली. विझला. मिनिटानं पुन्हा.

जवळ गेलो. काच ओलसर होती. काचेवर ठसा उमटत होता, विरत होता, उमटत होता. ठशावर तिरपी रेघ.

ती गेलेली नाही. दारातच उभी आहे. तिला कुणी आत घेत नाही.

सर्वेशला बोलावलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, मशीन खराब झालं, बदलू. मी हातापाया पडलो, बदलू नको, चार दिवस थांब. काका, तुम्ही थकलात, नांदेडला जाऊन या, म्हणाला. पण कबूल झाला.

तिसरी परत हवी. सर्व्हरची नक्कल रोज निघते, पण जागा नाही म्हणून तीनच दिवसांची ठेवतात. मी पाहिलं. नाही.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

मोहियोद्दीनभाईंकडे गेलो. रिक्षा मिळाली नाही, चालत. सगळं सांगितलं. त्यांना मुलगी आठवत नाही. रजिस्टर पुढं केलं. तिसऱ्या आवृत्तीच्या पानावर त्यांच्याच अक्षरात, एक लेकरू आहे यावर. वर नावाची जागा. त्यांनी भिंग लावलं. म्हणाले, मास्तर, मी जागा सोडत नसतो. हितं मी काहीतरी लिहिलं असणार.

मला अजून दिसतंय तिथं. पण फिक्कं, पेन्सिलीनं लिहून खोडल्यासारखं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, आठ रोज का न्हाई थांबले? मी म्हटलं, थकलो होतो. त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

तिसरीची सीडी त्यांच्याकडं आहे, उदगीरला धाकट्या लेकीच्या घरी पेटीत. उद्या जाऊन आणतात. ती चढवायची, मशीनवर अंगठा येईल, स्क्रीन विचारेल हा कुणाचा. नाव लिहायचं. तेवढंच. अंगठा तर येतोच आहे. नाव तेवढं मी सांभाळायचं.

सकाळी चहा घेताना क्षणभर ते गेलं होतं. परत आलं. तळहातावर पेननं लिहिलं, हात न धुता पुसलं गेलं. म्हणून इथं लिहितो, शाळेत शुद्धलेखन लिहायचो तसं, दहा वेळा.

मनतशा. मनतशा. मनतशा. मनतशा. मनतशा. मनतशा. मनतशा. मनतशा. मनतशा. मनतशा.

आता नाही जाणार.

२८ नोव्हेंबर, बुधवार

कालच्या पानावर मी काहीतरी दहा वेळा लिहिलं आहे. दहा पूर्णविराम दिसतात.

बालदिनाचं पान काढलं. नाव, मग कोरी जागा, मग नायगावची. शिवणकाम, चार गुण, कात्रीचा व्रण, सगळं आहे. कवितेच्या चारही ओळी आहेत. कुणी म्हटल्या, तिथं जागा.

चष्मा पुसला. गुरम्माला पान दाखवलं, वाच म्हटलं. तिला वाचता येत नाही. सर्वेशला दाखवलं. काका, इथं कुठं काय लिहिलंय, म्हणाला, आणि डॉक्टरला फोन लावायला बाहेर गेला.

नायगावला फोन केला. कलीमभाई म्हणाले, साहब, तुम्हीच सांगा ना. तुम्ही त्या रोजी घेतलं होतं. तुम्हीच सांगा.

नोंदवही बघितली. काल मिनिटाला एकदा येत होता. आज पाच-पाच मिनिटांनी. दुपारनंतर दहा.

ती पण थकली असणार.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

सीडी आली. मोहियोद्दीनभाई धापा टाकत आले. चढवली — चालली — तिसरी जागेवर आहे. सर्व्हरनं ओळखली.

९.१०. अंगठा आला. हा कोणाचा? खाली चौकोन, त्यात उभी रेघ लुकलुकते. नाव लिहा.

मी अ पासून ज्ञ पर्यंत एकेक अक्षर — जिभेवर यायचं, जड व्हायचं — नाही.

मोहियोद्दीनभाई आठवतील तेवढी मुलींची नावं घेतात, मी लिहितो. जुळला नाही. जुळला नाही. त्यांचा आवाज बसला.

९.५०. आला.

११.२०. आला. ठसा अर्धाच. तिरपी रेघ होती.

सर्वेश मशीन काढणारा माणूस घेऊन आलाय. मी दारात बसलोय. उठणार नाही. म्हटलं, एकदा, अजून एकदाच येऊ दे —

१.५०. आलाय. अजून टेकलेला आहे. काच ओली — उचलत नाही — पण फिकट होतो आहे

पान फाडून कुणाला तरी — नाही, इथंच लिहितो. हे जे कोणी वाचत असाल, मला दिसत नाही, तुम्हाला दिसत असेल. मागं, मंगळवारच्या पानावर दहा पूर्णविराम आहेत. प्रत्येकाच्या आधी काही असेल तर ते वाचा. मनात नको. मोठ्यानं. मी दारातच आहे, मला ऐकू येईल, चौकोन उघडा आहे, अंगठा अजून — लवकर — नाव —